‘पण का?’ : छोट्यांच्या प्रश्नांना उत्तर देताना

घरात तीन-चार वर्षांचं मूल असेल तर प्रश्न दात घासतानाच सुरू होतात. पेस्टचा फेस का होतो? थुंकलेला फेस कुठे जातो? गटारात अंधार असतो का? चहा गाळून होईपर्यंत आपण दमलेले असतो आणि मनात येतं, आपलंच मूल जरा जास्त बोलतं की काय.

तसं नसतं. बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज या संशोधकांनी इंग्लंडमध्ये चार वर्षांच्या मुलींचं घरातलं आणि बालवाडीतलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि १९८४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. घरी आईशी बोलताना या मुली तासाला सरासरी २६ प्रश्न विचारत. त्याच मुली बालवाडीत बाईंना तासाला विचारत फक्त २. म्हणजे प्रश्न जेवढे मुलाच्या स्वभावातून येतात, तेवढेच समोर कोण आहे यावरही ठरतात. आपल्यावर प्रश्नांचा मारा होत असेल तर मुलाने आपल्याला ऐकणारं माणूस ठरवलं आहे. (त्याने दमणूक कमी होत नाही, हे मान्य.)

उत्तर द्यायचं म्हणजे माहिती हवी, असं आपण धरून चालतो. माहितीची पाळी खरं तर बरीच उशिरा येते. त्याआधी मूल नेमकं काय विचारतंय ते शोधावं लागतं, आणि गडबड बहुतेक वेळा तिथेच होते. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

पहिलं काम म्हणजे हातातलं क्षणभर थांबवून मूल कुठे बघतंय ते बघणं. लहान मुलांचा प्रश्न पुष्कळदा अर्धाच तोंडातून येतो आणि उरलेला बोटात किंवा नजरेत असतो. ‘हे असं का?’ यातलं ‘हे’ म्हणजे पंखा, पंख्यावरची धूळ की भिंतीवर फिरणारी सावली, हे न बघता दिलेलं उत्तर वाया जातं.

वयाप्रमाणे प्रश्नाची जात बदलते. वर्षाचं मूल बोटाने दाखवतं, तोही प्रश्नच असतो. दोनच्या आसपास ‘हे काय?’ येतं. तिथे नाव सांगावं आणि त्याला एखादी गोष्ट जोडावी: ‘हा कावळा. बघ, त्याच्या चोचीत काडी आहे.’ तिसऱ्या वर्षाच्या आसपास ‘का’ आणि ‘कसं’ यांचा जोर वाढतो. ‘कधी’ मात्र फार उशिरा पक्कं होतं. या वयात झालेला कुठलाही दिवस ‘काल’ असतो आणि येणारा कुठलाही दिवस ‘उद्या’. त्यामुळे ‘मामा कधी येणार?’ याला ‘शनिवारी’ हे उत्तर निरुपयोगी. ‘दोनदा रात्री झोपून उठलीस की’ हे कळतं.

दुसरं काम, प्रश्न कशासाठी आला ते ओळखणं. ‘पाऊस का पडतो?’ हा एकच प्रश्न घ्या. खिडकीत उभं राहून शांतपणे विचारला तर तो पावसाबद्दल असतो. बागेत जायचं रद्द झाल्यावर विचारला तर ती तक्रार असते. रात्री वीज कडाडल्यावर अंगाला बिलगून विचारला तर ती भीती असते. बाष्पीभवन, म्हणजे पाण्याची वाफ होऊन वर जाणं, हे पहिल्या ठिकाणी कामाचं आहे. बाकी दोन्ही ठिकाणी नाही.

समोर सगळं दिसत असताना मूल विचारतं, ‘आई, तू काय करतेस?’ आपण वैतागून म्हणतो, ‘दिसत नाही का?’ त्याला दिसतंय. त्याला तिथे जागा हवी आहे. ‘मटार सोलतेय, ये, तू पण सोल’ हे त्याचं उत्तर. आणि दिवा मालवल्यावर एकामागून एक येणारे, तहानेपासून डायनासोरपर्यंतचे प्रश्न हे बहुतेक झोप लांबवण्यासाठी असतात. तिथे ‘हा शेवटचा, बाकीचे सकाळी’ असं म्हणायला काहीच हरकत नाही.

आणखी एक चकवा आहे. आपण कारण सांगतो, मुलाला उपयोग विचारायचा असतो. डेबोरा केलेमन या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना विचारलं होतं, खडक टोकदार का असतात? समोर दोन तऱ्हांची उत्तरं ठेवली. एक, लहान कण बराच काळ साचत गेले म्हणून. दुसरं, प्राण्यांना खाज सुटली की अंग घासता यावं म्हणून. लहान मुलांचा कल दुसऱ्या उत्तराकडे होता. त्यांच्या जगात चमचा खाण्यासाठी, छत्री पावसासाठी, मग खडकही कशासाठी तरी असणारच. म्हणून ‘डोंगर का आहे?’ असं विचारल्यावर भूकंप आणि लाव्हा सांगूनही मूल असमाधानी दिसलं तर आपलं उत्तर चुकलेलं नसतं, ते दुसऱ्याच प्रश्नाचं असतं. ‘डोंगर कुणी कशासाठी बनवला नाही, तो तसा होत गेला, पण त्याच्यावर कोण कोण राहतं ते सांगू?’ इथून सुरू केलं तर धागा सापडतो.

एवढं करूनही ओळखता आलं नाही तर सरळ विचारावं: ‘काय बघून हे डोक्यात आलं?’ उत्तर ऐकून पुष्कळदा आपलाच चेहरा बदलतो. ‘माणसं तुटतात का?’ या भयंकर वाटणाऱ्या प्रश्नामागे दुकानातला हात निखळलेला पुतळा असू शकतो.

‘तुला काय वाटतं?’ हा उलट प्रश्न पालकांमध्ये सध्या फार चालतो. तो उपयोगी आहे, कारण मुलाच्या डोक्यात काहीतरी जुळणी आधीच झालेली असते. चंद्र रिक्षामागे पळतोय असं मूल म्हणालं, म्हणजे त्याने नीट पाहिलं आहे: घर मागे गेलं, झाड मागे गेलं, चंद्र नाही गेला. पण हा उपाय दर वेळी वापरला की मुलाला कळतं, आपल्याला टाळलं जातंय. त्याने एकदा ‘मला माहीत नाही, तू सांग’ म्हटलं की आपण सांगायचं.

इथे एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. मुलाने मांडलेला तर्क त्याच्यासमोरच हसून पाहुण्यांना सांगणं, किंवा ‘परत बोल, परत बोल’ म्हणत मोबाइल समोर धरणं. आपल्याला ते कौतुक वाटतं. मुलाला कळतं की विचारलेल्याची गंमत होते. रशियन बालकवी कर्नेई चुकोव्स्की यांनी दोन ते पाच या वयातल्या मुलांचे असे बोल वर्षानुवर्षं गोळा केले आणि त्यांचं पुस्तक केलं. त्यात हसू भरपूर आहे, पण ते बोल मुलांनी कष्टाने केलेला विचार म्हणून मांडले आहेत.

आता उत्तर. पहिलं उत्तर एका वाक्याचं असावं, खरं असावं आणि मुलाला ठाऊक असलेल्या गोष्टीपासून निघावं. ‘पुरी का फुगते?’ ‘पिठातल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही, म्हणून ती पुरीला फुगवते.’ इथे थांबायचं. उत्तर घासासारखं द्यावं, पहिला गिळल्याशिवाय दुसरा पुढे करू नये. विषय आपल्या आवडीचा निघाला की आपली गाडी थांबत नाही, आणि शिकलेल्या आई-बाबांची ही खोड जास्त. प्रश्न पुरीचा असतो आणि आपण वाफेच्या इंजिनापर्यंत पोचलेले असतो.

चंद्राचं उत्तर देताना एसटीची खिडकी उपयोगी पडते. जवळचे विजेचे खांब झरझर मागे जातात, लांबचा डोंगर हळूहळू सरकतो. चंद्र त्याहून फार म्हणजे फारच लांब आहे, सुमारे ३,८४,००० किलोमीटर, म्हणून तो सरकलेला आपल्याला दिसतच नाही आणि बरोबर आल्यासारखा वाटतो. आकडा चार वर्षांच्या मुलासाठी नाही, आपल्यासाठी आहे. त्याला खांब आणि डोंगर पुरे.

सोपं करणं आणि खोटं सांगणं यात गल्लत होते. ओळखायची खूण अशी: मूल मोठं झाल्यावर आजच्या उत्तरात भर घालावी लागेल, की आजचं मागे घ्यावं लागेल? ‘वाफ पुरीला फुगवते’ यात पुढे भर घालता येते. ‘बी गिळलीस तर पोटात झाड उगवेल’ हे मागे घ्यावं लागतं, आणि तोपर्यंत ते मूल रात्री पोट चाचपत पडलेलं असतं. ‘नाही जेवलास तर पोलीस नेईल’ हे तर त्याहून वाईट. उद्या गर्दीत हरवलं तर त्याने ज्याच्याकडे जायला हवं त्यालाच ते घाबरतं.

मग आजीच्या गोष्टींचं काय? ढग गडगडले की वर म्हातारी हरभरे भरडते, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ते पुसून टाकायची गरज नाही. आजीची ती गोष्ट, आणि आवाज खरा कशाने होतो ते वेगळं, असं दोन्ही सांगता येतं. विजेमुळे हवा एकदम प्रचंड तापते, झटक्यात पसरते, त्याचा तो आवाज. चार-पाच वर्षांची मुलं गोष्ट आणि खरं यांत बऱ्यापैकी फरक करतात, आणि दोन्ही मागतात. घाबरलेल्या मुलाला एक खेळही देता येतो: वीज चमकली की अंक मोजायचे, आवाज येईपर्यंत. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. हा खेळ घरात बसून खेळायचा. मोजणी वाढत गेली की ढग लांब चालले.

पहिल्या उत्तरानंतर ‘पण का?’ येतं. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. हे ‘पण का?’ आपल्याला काहीतरी सांगत असतं. ब्रँडी फ्रेझिअर, सुझन गेल्मन आणि हेन्री वेल्मन यांनी २००९ मध्ये मुलांच्या अशा संवादांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कारण सांगणारं उत्तर मिळालं की मुलं मान डोलावतात किंवा पुढचा प्रश्न विचारतात. कारण नसलेलं उत्तर मिळालं की तोच प्रश्न पुन्हा विचारतात, नाहीतर स्वतःच काहीतरी कारण जुळवतात. म्हणजे त्याच शब्दांत तोच प्रश्न परत आला तर आपण ‘असंच असतं’ छापाचं काहीतरी सांगितलेलं असतं. प्रश्न पुढे सरकला तर सगळं ठीक चाललं आहे.

शहाळं पिताना अशी साखळी कशी लागते बघा. ‘नारळात पाणी कुणी भरलं?’ ‘झाडानेच. मुळांनी जमिनीतलं पाणी ओढलं आणि वर नेलं.’ ‘मग ते गोड का?’ ‘झाड पानांमध्ये साखर तयार करतं, त्यातली थोडी या पाण्यात येते.’ ‘कशाला?’ ‘नारळ ही बी आहे. तिच्यातून नवीन रोप येणार असतं, त्याचं ते खाणं.’ (वनस्पतिशास्त्रात याला भ्रूणपोष म्हणतात, म्हणजे बीमधल्या बाळरोपासाठी साठवलेलं अन्न. खोबरं हेही तेच.) आणि मग शांतपणे: ‘मग आपण बाळाचं खाणं का पितो?’

इथे आपण अडकतो, आणि अडकायला हवंच. ‘हो, आपण त्याचं खाणं घेतो. माणसं आणि प्राणी झाडांचं बरंच काही खातात. म्हणून काही नारळ न खाता रुजवायला ठेवतात.’ एवढं पुरतं. साखळी कुठे थांबवायची हे आपल्याही हातात आहे. ‘आज माझ्याकडची उत्तरं संपली’ हे हसून म्हटलेलं मुलांना चालतं. ‘किती डोकं खातोस’ चालत नाही.

खरोखरच माहीत नसेल तेव्हा काय? आधी, आपल्याला माहीत नाही हेच आपल्याला माहीत नसतं. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी २००२ मध्ये मोठ्या माणसांना विचारलं, चेन कशी लागते, कुलूप कसं उघडतं, फ्लश कसा चालतो, हे तुम्हाला किती समजतं? लोकांनी स्वतःला बरे गुण दिले. मग पायरीपायरीने लिहून द्यायला सांगितलं, तेव्हा गुण घसरले. समजल्याचा हा भास मुलाच्या तिसऱ्या ‘का’ला उघडा पडतो, आणि आपली चिडचिड बरेचदा त्याचीच असते.

त्यावर ‘मला माहीत नाही’ हे पूर्ण आणि सभ्य वाक्य आहे. फक्त त्यानंतर शोध खरंच व्हायला हवा. फ्लशच्या टाकीचं झाकण उघडून आतला तरंगणारा गोळा बघता येतो. भिंतीत वाळू का घालतात ते समोरच्या इमारतीवरच्या गवंडीकाकांना विचारता येतं. त्यांना कुणी हे विचारत नाही आणि ते आनंदाने सांगतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून सुरू झालेला मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर मोफत आहे. त्याची भाषा मुलांसाठी जड असली तरी आपल्याला समजून घ्यायला पुरते. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात ‘सवालीराम’ नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. गावोगावची मुलं त्याला पत्रं लिहून प्रश्न विचारत आणि उत्तर येई. फोनला बोलून विचारणं हाही मार्ग आहे, शेवटचा. फोन उत्तर देतो, पण मूल काय बघून विचारतंय ते त्याला दिसत नाही.

शोधापेक्षाही करून बघणं बरं. बर्फ घातलेल्या ग्लासला बाहेरून घाम का येतो? बहुतेक मुलं म्हणतात, आतलं पाणी गळतं. नाही म्हणू नका. ग्लासात कोकम सरबत घाला. बाहेरचे थेंब लाल आले का? नाही आले. मग हे पाणी कुठलं? हवेतलं: हवेतली न दिसणारी वाफ थंड काचेला लागून पुन्हा पाणी होते. मुंबईत किंवा कोकणात थेंब भराभर येतात. मे महिन्यात नागपूरला कोरड्या हवेत कमी येतात, आणि तोही एक नवा प्रश्न होतो. यासाठी महागडे संच लागत नाहीत. बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं होती.

दर वेळी वेळ असतोच असं नाही. फोडणी तडतडत असते, स्कूटर सिग्नलला असते. तेव्हा पुढे ढकलायचं, पण ‘नंतर’ म्हणून नव्हे. ‘कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की’ असं म्हणावं. फ्रिजवर एक कागद लावून त्यावर प्रश्नाचं छोटं चित्र काढलं तर वाचता न येणाऱ्या मुलालाही आपला प्रश्न जपून ठेवलेला दिसतो. तो विषय नंतर आपणच काढायचा. दोन-चारदा विसरलो की ‘नंतर’ म्हणजे ‘नाही’ हे मुलाला पाठ होतं.

लोकांसमोरच्या प्रश्नांना वेगळी हुशारी लागते. भरल्या लिफ्टमध्ये खणखणीत आवाजात: ‘या आजोबांना एकच पाय का?’ आपण चिमटा काढून गप्प करतो. त्यातून मुलाला कळतं की एक पाय असणं ही लाजेची गोष्ट आहे. त्यापेक्षा सगळ्यांना ऐकू जाईल असं साधं उत्तर द्यावं: ‘काही माणसांना एक पाय असतो. ते कुबडी घेऊन चालतात. बाकीचं घरी बोलू.’ आजोबा स्वतःच काही सांगू लागले तर उत्तमच.

मरण आणि जन्म, हे दोन प्रश्न आपण सगळ्यात जास्त गुंडाळतो. ‘आजी झोपली’ म्हटलं की मूल झोपायला घाबरू लागतं. ‘देवाघरी गेली’ म्हटलं की विचारतं, मग परत कधी येणार? देवाघराचा विश्वास आपल्या घरात असेल तर तो जरूर सांगा, पण आधी साधं सांगा: आजी खूप आजारी होती, तिच्या शरीराने काम करणं थांबवलं, आता तिला दुखत नाही, ती परत येणार नाही. त्यावर ‘तू पण मरणार?’ आलं तर ‘कधीच नाही’ असं वचन देऊ नये. ‘बहुतेक माणसं खूप म्हातारी होईपर्यंत जगतात. मी तुझ्याजवळ आहे.’ हेच पुढे कितीतरी दिवस पुन्हा पुन्हा विचारलं जाईल. या एका विषयात तोच प्रश्न परत येणं म्हणजे उत्तर चुकलं असं नव्हे. एवढी मोठी गोष्ट एका वेळेत मावत नाही.

जन्माबद्दल, ‘बाळ पोटात असतं’ एवढंच सांगितलं तर मूल समजतं आईने ते खाल्लं. ‘पोटाच्या खालच्या भागात बाळासाठी वेगळी पिशवी असते, तिला गर्भाशय म्हणतात’ हे तीन वर्षांच्या मुलालाही पेलतं. ‘दवाखान्यातून आणलं’ म्हटलं तर आठवड्याभरात ‘परत देऊन या’ ऐकायची तयारी ठेवावी.

आणि काही प्रश्न असे असतात की माहिती, प्रयोग, वेळ यातलं काहीच उपयोगी पडत नाही. स्वयंपाकघरात बसून मूल विचारतं, ‘कामाच्या मावशींचा कप वेगळा का?’ पुष्कळ घरांत तो वेगळा असतो, खिडकीत उपडा ठेवलेला. या वयाचं मूल कप, रंग, जागा सगळं टिपत असतं, त्यामुळे त्याच्या नजरेतून हे सुटत नाही. ‘त्यांना तोच आवडतो’ हे खोटं आहे, आणि मूल ते मावशींनाच विचारून खात्री करून घेईल. ‘गप्प बस, आगाऊपणा नको’ म्हटलं तर ते गप्प बसेल, आणि माणसांचे कप वेगळे असतात हे शिकेल. खरं कारण आपल्याला ठाऊक असतं. कुठे ती जात असते, कुठे पैसा, कुठे नुसती वर्षानुवर्षांची सवय, आणि मुलासमोर ते मोठ्याने उच्चारता येत नाही. अशा वेळी वाक्य जुळवत बसू नये. ‘तू बरोबर पाहिलंस, हे असं असायला नको’ म्हणावं आणि त्याच दिवशी चहा सगळ्यांसारख्या कपात द्यावा. घरातली मोठी माणसं नाराज होतील, त्यांच्याशी मूल झोपल्यावर बोलता येईल. मूल मात्र तिथल्या तिथे पुढचं विचारणार, ‘मग आधी का नव्हता देत?’ त्यालाही एका वाक्याचं, खरं उत्तर लागेल.